उद्यानशिल्पांचे संधारण

नगरांतील सार्वजनिक उद्यानांत उघड्यावर उभ्या असलेल्या शिल्पांचा ऱ्हास रोखण्याचे व त्यांची डागडुजी करण्याचे शास्त्र. संग्रहालयातील तापमान व आर्द्रता नियंत्रित करता येते. उद्यानातील शिल्पाला मात्र ऊन, पाऊस, धूर आणि पक्ष्यांची विष्ठा सोसावीच लागते. म्हणून शिल्प नव्यासारखे करणे हे संधारणाचे उद्दिष्ट नसते. ऱ्हासाची गती मंद करणे व पूर्वीच्या सदोष दुरुस्त्यांचे दुष्परिणाम दूर करणे, हे त्याचे खरे कार्य होय.

कामाचा आरंभ छायाचित्रे, मोजमापे व भेगांची नोंद यांनी होतो. दगडी शिल्पांत जुने लोखंडी खुंट विशेष घातक ठरतात. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान कितीतरी पटींनी वाढते आणि दगड आतून फुटतो. म्हणून त्यांच्या जागी अगंज पोलादाचे खुंट बसवितात. सांध्यांत सिमेंट भरणेही अयोग्य असते. ते मऊ दगडापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्यामुळे पाणी दगडातच अडकते आणि त्यातील लवणांचे स्फटिक होऊन पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. अशा ठिकाणी चुन्याचा मसाला वापरतात. तैलरंगाचा लेपही याच रीतीने अपाय करतो.

ब्राँझवरील सर्वच हिरवे पुट हानिकारक नसते. घट्ट व एकसारखे पुट पुष्कळदा धातूचे रक्षण करते. परंतु समुद्राकाठच्या हवेतील क्लोराइडांमुळे फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी पडू लागल्यास क्षरण ओलाव्याबरोबर पुनःपुन्हा चालू राहते. अशा वेळी क्षरणकारी लवणे काढून बेंझोट्रायाझोलाचा उपयोग करतात व सूक्ष्मस्फटिकी मेणाचा लेप देतात. घासून चकाकी आणल्यास मूळ पृष्ठभाग व त्यावरील कलावंताची कारागिरी कायमची नष्ट होते.

मुंबईतील दोन उदाहरणे उद्‌बोधक आहेत. फ्लोरा फाउंटन (१८६४) हे पोर्टलंड चुनखडकातील कारंजे मूळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानासाठी योजिले होते; प्रत्यक्षात ते फोर्ट भागात उभारण्यात आले. त्यावर कालांतराने चढलेले रंगाचे थर २०१७–१९ मधील जीर्णोद्धारात काढण्यात आले, तेव्हा मूळ दगड पुन्हा दृष्टीस पडला. त्याच उद्यानात (सांप्रत वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाजवळ घारापुरीचा दगडी हत्ती आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना कोसळला व त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. त्याचे आजचे रूप शिल्पकाराइतकेच जोडकाम करणाऱ्यांचेही आहे.

अशा प्रसंगी गहाळ भाग कल्पनेने घडवावेत काय, हा प्रश्न निर्माण होतो. व्हेनिसच्या सनदेनुसार (१९६४) जेथे अनुमानास सुरुवात होते, तेथे पुनःस्थापन थांबले पाहिजे. नवा भाग जोडणे अटळ असल्यास तो मूळ भागाहून ओळखू आला पाहिजे. वापरलेले द्रव्य पुढे निरुपद्रवपणे काढता यावे, अशीही अपेक्षा असते. मेणाचा लेप काही काळाने झिजतो व सांधे उकलतात. त्यामुळे नियमित पाहणी व धुलाई यांवाचून मोठ्या खर्चाचा जीर्णोद्धारही अल्पजीवी ठरतो.