वायर लावल्याने वायफाय मंदावत नाही

"ती वायर काढा, म्हणजे आमचं वायफाय नीट चालेल." गेल्या महिनाभरात हे वाक्य मी तीन घरांत ऐकलं. तिन्ही घरं वर्सोव्यातली. एक यारी रोडला, एक सात बंगल्याला आणि एक आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली. तिथल्या काकूंचा मुलगा आतल्या खोलीत व्हिडिओ एडिटिंग करतो. हॉलमधल्या राउटरपासून त्याच्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेकडेने त्याने लॅन केबल नेली आहे. स्वयंपाकघरात काकूंचा फोन अडखळू लागला की त्या हॉलमध्ये येऊन ती केबल उपटतात. मुलगा आतून ओरडतो, केबल परत जागेवर जाते, संध्याकाळी पुन्हा तेच. "सगळं नेट ती वायरच खेचून घेते," असं त्यांना कनेक्शन जोडायला आलेल्या माणसानेच सांगितलं होतं. ज्याचं हे रोजचं काम, तोच जेव्हा असं सांगून जातो तेव्हा राग येतो, कारण त्याच्या त्या एका वाक्यामुळे त्या घरात रोज भांडण होतं.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. घरातली जेवढी यंत्रं वायरवर जातील, तेवढं वायफाय मोकळं होतं.

आपण ज्याला राउटर म्हणतो त्या डब्यात खरं तर तीन वेगळी कामं चालतात. बाहेरून आलेली एकच लाइन आणि एकच पत्ता घरातल्या सगळ्यांना वाटून देणं, हे पहिलं. मागच्या पोर्टांना लावलेल्या केबल एकमेकींशी जोडणं, हे दुसरं. आणि हवेतून बोलणारा रेडिओ सांभाळणं, हे तिसरं. वायरवरचा कॉम्प्युटर आणि हवेतला फोन यांची वाट बाहेरच्या लाइनच्या तोंडाशी एकत्र येते. त्याआधी दोघांचे रस्ते वेगळे असतात. वायरवाल्याला डबा झुकतं माप देत नाही. कोण कुठून आला हे तो एरवी पाहतही नाही.

केबलवर प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा रस्ता मिळतो, आणि त्यावर जाणं-येणं एकाच वेळी चालतं. हवेत तसं नसतं. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा वायफायचा नियम आहे. वर्सोवा जेट्टीवरून मढला जाणारी बोट डोळ्यांसमोर आणा आणि बोट एकच आहे असं धरा. ती एकतर जाते किंवा येते. रांगेत कुणी मोटारसायकल चढवायला वेळ लावला की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो, मग ते रिकाम्या हाताने आलेले का असेनात. वायफायमध्ये ही मोटारसायकल म्हणजे राउटरपासून सर्वांत लांब, दोन भिंतींपलीकडे असलेलं यंत्र. रेंज कमी मिळाली की ते सावकाश बोलतं, आणि सावकाश बोलणारा हवा जास्त वेळ अडवतो.

हे माझ्या पदरचं सांगत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या चार संशोधकांनी २००३ साली इन्फोकॉम परिषदेत यावर शोधनिबंध मांडला. त्या काळच्या ११ एमबीपीएसच्या वायफायवर एकच यंत्र १ एमबीपीएसने बोलू लागलं, की ११ ने बोलू शकणारी बाकीची यंत्रंही जवळपास त्याच्याच पातळीला खाली येतात, असं त्यांनी दाखवून दिलं. नव्या राउटरांत प्रत्येकाला ठरावीक वेळ वाटून देण्याची सोय असते, त्यामुळे परिणाम बराच सौम्य होतो. पण एका वेळी एकानेच बोलायचं हा नियम बहुतांशी तसाच राहतो. आता काकूंच्या घरातली ती केबल उपटली की काय होतं पाहा. आतल्या खोलीतला, सर्वांत लांबचा आणि सर्वांत भुकेला कॉम्प्युटर हवेवर येतो. म्हणजे रांगेतली सर्वांत मोठी मोटारसायकल काकूंनी स्वतःच बोटीवर चढवली.

मग फोन अडखळतो तो का? काकूंचा अनुभव खोटा नाही, फक्त कारण चुकलं आहे. मुलगा दिवसभराचं शूटिंग वर पाठवतो. ४० जीबीची फाइल ५० एमबीपीएसच्या अपलोडवर जायला जवळजवळ पावणेदोन तास लागतात, आणि तेवढा वेळ बाहेर जाणारा रस्ता तुडुंब भरलेला असतो. आपण फोनवर नुसता व्हिडिओ पाहत असलो तरी आलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच उलट पाठवावी लागते. ती पोच या रांगेत अडकली की पुढचा हप्ता येत नाही आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. या दुखण्याला जिम गेटिस या अभियंत्याने २०१० मध्ये 'बफरब्लोट' असं नाव दिलं. राउटर जास्तीचा माल फेकून देण्याऐवजी साठवत राहतो, त्यामुळे रांग वाढत जाते, असा त्याचा अर्थ. केबल काढून हे बरं होत नाही, कारण अपलोड हवेतून झालं तरी बाहेरचा रस्ता तोच. उपाय दुसरा आहे. अपलोडच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाला मर्यादा घालायची सोय असेल तर ती लाइनच्या ऐंशी टक्क्यांवर ठेवावी. राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'क्यूओएस' असा पर्याय दिसला तर तो सुरू करावा. रांग शहाणपणाने लावण्याची यातली एक पद्धत २०१८ च्या जानेवारीत इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८२९० या क्रमांकाने रीतसर प्रसिद्ध झालेली आहे. काकूंच्या मुलाने मर्यादा घातली, आणि दुसऱ्या दिवशी केबल जागेवर असतानाच त्यांचा व्हिडिओ कॉल पूर्ण झाला.

त्या घरात आणखी एक गोष्ट सापडली. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण वायरवरच्या कॉम्प्युटरचा आकडा ९४ च्या पुढे सरकत नव्हता. "कंपनी फसवते," असं काकांचं ठाम मत. मी केबल काढून टोकाची पारदर्शक क्लिप खिडकीतल्या उजेडात धरली. आत आठ खाचा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी आणि हिरवी अशा चारच तारा खाचांत बसलेल्या. निळी आणि तपकिरी जोडी क्लिपच्या तोंडाशीच कापून टाकलेली. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, पण एक गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात, आणि त्यातून हातात पडतात ते हेच ९४-९५. जोडणाऱ्याने वेळ वाचवला होता, आणि त्याची किंमत हे घर महिनोन्महिने मोजत होतं. दोन्ही टोकांना नव्या क्लिप लावून आठही तारा बसवल्या आणि कॉम्प्युटर एक गिगाबिटची जोडणी दाखवू लागला. आपल्याकडची खारी हवा या क्लिपांच्या धातूच्या दातांवर हिरवट थर चढवते, तेव्हा खिडकीजवळची क्लिप अधूनमधून पाहत जा. राउटरचेच पोर्ट १०० चे असतील, तर मात्र केबल कितीही चांगली आणली तरी आकडा तिथेच थांबणार.

"वायर लांब झाली की स्पीड गळतो" हेही ऐकू येतं. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते. आपल्या फ्लॅटची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी त्याच्या पावभरही भरत नाही.

"एका कनेक्शनवर वायरचा एकच कॉम्प्युटर चालतो" हा समज फार जुना. डबा नव्हता आणि लाइन थेट कॉम्प्युटरला जोडली जायची, त्या काळातला. आज मागचे चार पोर्ट भरले तर एक साधा स्विच आणा, संपलं.

वायरवरचा प्रिंटर वायफायवरच्या लॅपटॉपला दिसत नाही, ही तक्रार मात्र अनेक घरांत खरी असते. दोष वायरीचा नसतो. आतल्या खोलीत दुसरा राउटर आणून त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनसाठीच्या) पोर्टात केबल घातली, की तो घरातच एक वेगळं घर थाटतो. अलीकडच्याला पलीकडचं दिसत नाही. त्या दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल लॅन पोर्टात घाला. पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' वायफाय मात्र मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, तिथून प्रिंटर न दिसणं योग्यच.

भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर सर्रास विकला जातो. एकच रेडिओ असलेला एक्स्टेंडर प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि तीच पुन्हा बोलतो. हवा दुप्पट वेळ अडते आणि वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत एक केबल न्या आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट लावा.

"प्लॅन मोठा घ्या" हा सल्ला तर कुठल्याही दुखण्यावर दिला जातो. नेटफ्लिक्स स्वतः फोर-के चित्रासाठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे असल्याचं सांगतं. १०० च्या लाइनवर चार जणांचं घर अडत असेल, तर खोट बहुतेक वेळा घराच्या आतच असते. राउटर दाराशी चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीमागे कोंबलेला असतो, पुढे आरसीसीची भिंत, पुढे टाइल्स लावलेलं न्हाणीघर. शिवाय यारी रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर नावं सरकवत राहावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ जागा, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. वरचा, खालचा आणि शेजारचा, सगळे त्याच तीन बोटींवर. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने अधिसूचना काढून ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले केले. जागा सातपटीहून जास्त. तेव्हा फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा. त्याची लाट भिंतीत लवकर विरते हे खरं, पण म्हणूनच शेजाऱ्याचा गोंगाटही कमी येतो. कोळीवाड्यात घराला घर चिकटून आहे, तिथे याचा उपयोग सर्वांत जास्त.

आता खास आपल्या भागातला गैरसमज. "समुद्रातली इंटरनेटची केबल आपल्या वर्सोव्यातच येते, मग आपलं नेट तरी सुसाट हवं." पहिला भाग खरा आहे आणि फारसा कुणाला माहीत नसतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२३ च्या शिफारशींनुसार २०२२ च्या अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबल १४ स्टेशनांवर उतरत होत्या, आणि मुंबईला येणाऱ्यांतल्या कित्येक याच किनाऱ्यावर वाळूखालून जमिनीत शिरतात. पण त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तिथे फाटा काढलेला नसतो. केबल लँडिंग स्टेशनला जाते, तिथून डेटा सेंटरला, तिथून तुमच्या कंपनीकडे आणि मग सोसायटीच्या डक्टमधून तुमच्या दाराशी. मुलुंडच्या माणसाला जो फायबर मिळतो तोच आपल्याला. हजारो किलोमीटर समुद्राखालून प्रकाशाच्या रूपात आलेला तो मजकूर आपल्या हॉलपासून आतल्या खोलीपर्यंतच्या तीस फुटांत अडतो.

ते तीस फूट आपल्या हातात आहेत. टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर अशी जी यंत्रं जागची हलत नाहीत ती या रविवारी केबलवर घ्या, हवा फोन आणि लॅपटॉपसाठी सोडा. केबल जोडायला माणूस आलाच तर तो जाण्याआधी क्लिप उजेडात धरून आठही तारा मोजून घ्या.