विमानप्रवासाचा पोच भाव

धान्याच्या व्यापारात केवळ जागेवरचा भाव ऐकून कोणीही जाणता व्यापारी सौदा करीत नाही. त्या भावावर अडत, हमाली, तोलाई, बारदान, वाहतूक व घट चढवून माल आपल्या गोदामापर्यंत काय भावाने येऊन पडतो, हे तो आधी पाहतो आणि त्या पोच भावावरच नफ्यातोट्याचा विचार करतो. आश्चर्य असे की, हा हिशेब ज्यांना तोंडपाठ, तीच आपली माणसे मोबाईलवर विमानाचे स्वस्त तिकीट दिसताच तो सारा विसरून जातात. दोन-तीन दिवसांच्या नगरदर्शनास सहकुटुंब जाऊ इच्छिणाऱ्या सभासद बंधुभगिनींसाठी या विषयाचा थोडा ऊहापोह येथे करीत आहे.

बेळगावहून दिल्लीस जाण्याचे उदाहरण घेऊ. गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठावयास सुमारे दीड दिवस लागतो. म्हणजे जाण्यायेण्यातच तीन दिवस खर्ची पडले. पेढी इतके दिवस बंद ठेवणे बहुतेकांस शक्य नसते, आणि म्हणून घरच्या मंडळींची "पुढच्या वर्षी पाहू" या उत्तरावर वर्षानुवर्षे बोळवण होते. विमानाने मात्र दोन मुक्कामांत लाल किल्ल्यासमोरील लाल मंदिराचे दर्शन होते, तेथील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय पाहता येते, आणि चांदणी चौकातून खारी बावलीचा मसाल्याचा व नया बाजारचा धान्याचा व्यापारही पायी हिंडून पाहता येतो.

आता भाड्याचे मर्म पाहू. १९९४ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाल्यानंतर देशांतर्गत भाडे ठरविण्याचे काम मुख्यतः कंपन्यांकडेच आले. विमानातील खुर्ची हा भाजीपाल्याहूनही नाशवंत माल होय. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. तरीही भाजीप्रमाणे संध्याकाळी तिचा भाव उतरेलच, असे मानू नये. अखेरच्या घटकेस येणारे गिऱ्हाईक बहुधा निकडीचे असते, हे कंपन्या ओळखून असतात. एकाच विमानातील जागा निरनिराळ्या भावांच्या लॉटमध्ये विभागलेल्या असतात व खालचा लॉट संपला की वरचा उघडतो. त्यामुळे चौघांची चौकशी एकदम केली आणि स्वस्त जागा तीनच उरल्या असल्या, तर पुष्कळदा चौघांनाही वरचाच भाव सांगितला जातो. प्रथम एकाची, मग सर्वांची चौकशी करावी. तफावत दिसल्यास तिकिटे दोन भागांत काढावीत.

साधारणतः महिना-दीड महिना आधी तिकीट काढणे हिताचे. शुक्रवार व रविवार संध्याकाळची विमाने नोकरदार वर्गामुळे महाग असतात. मंगळवार-बुधवारी भाव बहुधा नरम असतो. आपण आपल्या पेढीचे धनी. रविवारचे बंधन आपणांस कशाला?

बेळगावकरांना सांबऱ्याखेरीज हुबळी, कोल्हापूर व २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीस खुला झालेला मोपा, असे आणखी विमानतळ मोटारीच्या टप्प्यात आहेत. येथेच पोच भावाची कसोटी लागते. समजा, मोपाहून जाण्यायेण्याचे तिकीट माणशी १,४०० रुपयांनी स्वस्त आहे, आणि मोटारीचा जादा खर्च दोन्ही वेळचा मिळून ५,५०० रुपये येतो. पतिपत्नी दोघेच असतील, तर २,८०० वाचवून ५,५०० घालविले. नाकापेक्षा मोती जड झाला. तेच सहा माणसे एका मोटारीत गेली, तर ८,४०० वाचून २,९०० रुपये पदरात पडतात. भाव तोच, माणसांच्या संख्येने सौदा फिरला.

वेळेचाही भाव असतो. मध्यरात्रीनंतर उतरणारे विमान स्वस्त असेल. परंतु त्या वेळी दिल्लीची मेट्रो बंद असते, टॅक्सीचे भाडे पडते आणि दुसरा दिवस झोपेत जातो. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्ताची वेळ पाहूनच विमान निवडावे व दशम्या, खाखरे बरोबर ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळची विमाने रखडतात. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध, नवा गहू बाजारात भरून येण्यापूर्वीचा काळ, अधिक सोयीचा. वाटेत विमान बदलावयाचे असल्यास सारा प्रवास एकाच तिकिटावर असावा. स्वतंत्र तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढचे तिकीट बुडण्याचा धोका असतो. सामानाची मर्यादाही आधी वाचावी. काही अतिस्वस्त तिकिटांत केवळ हातातील सामानाचीच मुभा असते. तिकीट रद्द करावे लागल्यास "परतावा नाही" या शब्दांनी गप्प बसू नये. त्यातील सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत मिळण्याचा आपणांस हक्क आहे.

काटकसर हे आपल्या समाजाचे भूषण आहे. परंतु काटकसर आणि कृपणता यांतील भेद आपल्या वाडवडिलांनी जाणला होता. पाचशे रुपयांसाठी वृद्ध आईला रात्रभर विमानतळाच्या बाकावर बसविणे ही बचत नव्हे. जो प्रवास घरच्या माणसांना थकविता आनंद देऊन जातो, त्याचाच पोच भाव खऱ्या अर्थाने स्वस्त. तेव्हा वहीखात्यात तरबेज असलेल्या आपल्या हातांनी हा एक हिशेबही नीट मांडावा, आणि घरच्या मंडळींना या खेपेस "पुढच्या वर्षी पाहू" असे न सांगता निघण्याची तारीखच सांगावी.