तापाची ‘भारी’ गोळी

गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे महामार्गावरचे चौफुलीचे गाव. सभोवार धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत चिखल, ओलावा आणि डास यांच्याबरोबर घरात तापही शिरतो. मग औषधाच्या दुकानात जाऊन ‘एखादी भारी गोळी द्या’ असे म्हटले जाते. सेफिक्सिम ही अशीच एक गोळी. ती कशावर चालते आणि कशावर नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

सेफिक्सिम हे सेफॅलोस्पोरिन घराण्यातले औषध. याचे मूळ एका बुरशीत आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ साली सांडपाणी समुद्राला मिळते तेथे ती सापडली. जिवाणूला आपल्याभोवतीची भिंत हे औषध नीट बांधू देत नाही. भिंत खचली की जिवाणू मरतो. म्हणून विषमज्वर, लघवीच्या मार्गाचा संसर्ग अशा दुखण्यांत डॉक्टर ते देतात.

पण शेतकरी बंधूंनो, करप्याचे औषध तुडतुड्यांवर चालते का? सर्दी-पडसे व डेंग्यू विषाणूंमुळे होतात, मलेरिया परजीवीमुळे. तेथे सेफिक्सिमचा काही उपयोग नाही. २०१८ साली पूर्व विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. गवताझुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्याने हा रोग होतो. चावल्या जागी काही वेळा काळी खपली धरते. हा रोग जिवाणूचाच. पण तो जिवाणू आपल्या पेशींच्या आत दडतो आणि सेफिक्सिमला दाद देत नाही. त्यावर डॉक्सिसायक्लिन लागते. भारी गोळीच्या भरवशावर चार दिवस दवडले, तर जिवावर बेतते.

म्हणून ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. शेतात, गवतात काम केल्याचे डॉक्टरांना सांगा. काख, जांघ, कमरेला खपली आहे का ते पाहा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच बोला. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. उरलेले जिवाणू पुन्हा उसळी घेतात. मोठ्यांची उरलेली गोळी मुलांना मोडून देऊ नका.

१ मार्च २०१४ पासून सेफिक्सिमची विक्री दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नका. तो तुमच्याच भल्याचे करतो आहे.