छापून आले, म्हणजे खरे?

लग्न होऊन सासरी आले तेव्हापासून माझ्याकडे एक कात्रणांची वही आहे. मासिकात, साप्ताहिकात काही उपयोगी दिसले की कात्री घ्यायची, कापायचे आणि खळ लावून वहीत चिकटवायचे. कैरीच्या लोणच्याचे प्रमाण, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग, मुलांचा खोकला, सगळे त्या एका वहीत गुण्यागोविंदाने नांदते आहे. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या कपाटात अशी एखादी वही असेलच.

२०२१ साली माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाळ जेमतेम पंधरा दिवसांचे. एका दुपारी ते फार किरकिरत होते, म्हणून मी मांडीवर घेऊन थोपटले आणि डोळा लागल्यावर अलगद गादीवर पालथे निजवले. तेवढ्यात लेक न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारातूनच ओरडली, "आई, पालथं नको!" धावत येऊन तिने बाळाला उताणे केले.

खरे सांगते, मला राग आला. म्हटले, "तुला अशीच निजवून वाढवली मी. आणि मनाने नाही हो केलं, वाचून केलं. थांब, दाखवते." वही काढली. लेकीच्या जन्माच्या वर्षी एका साप्ताहिकातून कापलेला लेख होता. त्यात स्वच्छ लिहिले होते, की बाळाला पालथे झोपवावे, म्हणजे दूध उलटले तरी घशात अडकत नाही. खाली लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पुढे पदवी.

लेकीने शांतपणे वाचले आणि म्हणाली, "डॉक्टरांनीच लिहिलंय, कबूल. पण कोपऱ्यात तूच तारीख घातली आहेस बघ. १९८८."

दुसऱ्या दिवशी बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचे होते. मी वही पिशवीत घालूनच नेली. मला वाटले होते, डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. कात्रण वाचून म्हणाले, "काकू, हे तेव्हा कोणी खोटं लिहिलं नव्हतं. पण आता ते शिळं झालंय. आणि शिळं अन्न जसं आपण बाळाला देत नाही, तसंच हे."

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. आरोग्यावरचे लिखाण आपल्या हाती येते, त्याआधी ते कोण तपासते? कसे तपासते? आणि आपण कशावर विश्वास ठेवायचा?

एका चांगल्या पुस्तकाची गोष्ट

पालथे निजवण्याच्या सल्ल्यामागे एक नावाजलेले पुस्तक आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी १९४६ साली बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले. सोपी भाषा, आईला धीर देणारा सूर. त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या, कितीतरी भाषांत भाषांतरे झाली. १९५० च्या दशकातल्या आवृत्तीत त्यांनी लिहिले, की उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरण्याची भीती असते, शिवाय डोके एका बाजूने चपटे होते. तेव्हा बाळाला पालथे निजवण्याची सवय लावलेली बरी.

ऐकायला किती पटण्यासारखे आहे! डॉक्टरांनाही ते पटले. पुस्तकांतून, लेखांतून, प्रसूतिगृहांतून तो सल्ला पसरला. पण त्याचा पडताळा कोणी घेतलाच नव्हता. धडधाकट बाळ रात्री निजते आणि सकाळी उठतच नाही, अशा आकस्मिक मृत्यूंमध्ये पालथ्या निजणाऱ्या बाळांचे प्रमाण जास्त असल्याचे निरनिराळ्या अभ्यासांतून दिसत होते. ते अभ्यास वेगवेगळ्या ठिकाणी छापलेले पडून होते. एकत्र मांडून कोणी बघितले नव्हते.

१९९१ साली ब्रिटनमध्ये 'बाळाला उताणे निजवा' अशी मोठी मोहीम निघाली. दूरदर्शनवरच्या ओळखीच्या निवेदिका ॲन डायमंड यांचा तान्हा मुलगा त्याच वर्षी असा गेला होता. त्या मोहिमेसाठी त्यांनी जिवाचे रान केले. १९९४ साली अमेरिकेतही मोहीम सुरू झाली. दोन्ही देशांत असे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्याहूनही कमी झाले. ना नवे औषध, ना नवे यंत्र. फक्त कूस बदलली!

२००५ साली संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून हिशेब केला. १९७० सालीच कोणी ही बेरीज केली असती, तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियाकडचे देश मिळून किमान ५०,००० बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज निघाला. वाचताना माझ्या हातातली वही थरथरली. माझी लेक वाचली, हे नशीब. पण घरोघरच्या त्या आया माझ्यासारख्याच वाचून, काळजीपोटी वागत होत्या ना?

चाळणी कुठे कुठे असते

हे असे पुन्हा घडू नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी एक ब्रिटिश डॉक्टर इयन चामर्स. तरुणपणी त्यांनीही स्पॉक यांचे पुस्तक वाचून आयांना हाच सल्ला दिला होता, आणि पुढे तसे त्यांनी उघडपणे लिहिलेही. १९९३ साली त्यांच्या पुढाकाराने 'कॉक्रन' ही संस्था उभी राहिली. एखाद्या उपचाराबद्दल जगात जेवढे अभ्यास झाले असतील तेवढे शोधायचे, कच्चे बाजूला काढायचे आणि उरलेल्यांचा एकत्रित निष्कर्ष साध्या भाषेतही छापायचा, हे तिचे काम. आपण तांदूळ निवडतो तसेच म्हणा ना! एक मूठ बघून पोते चांगले म्हणायचे नाही.

वैद्यकीय नियतकालिकांत लेख आला की संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतात. १९७८ साली अशा काही नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले. त्यांच्या मंडळाने पुढे नियम वाढवत नेले. लेखकाने पैसे कोणाकडून घेतले ते सांगायचे. औषधाची चाचणी सुरू करण्याआधीच तिची जाहीर नोंद करायची, नाहीतर निष्कर्ष छापणार नाही, असा नियम २००५ पासून आला. कारण उघड आहे. चाचणी फसली की गुपचूप दडवायची आणि जमली की डांगोरा पिटायचा, याला आळा हवा होता.

आणि तुमच्या-आमच्या हाती येणारी पुस्तके, पत्रके, मासिकांतली आरोग्याची पाने? चांगल्या ठिकाणी तिथेही चाळण्या असतात. लिहिणारा एक आणि तपासणारा डॉक्टर दुसरा, म्हणजे स्वतःची चूक स्वतःलाच दिसली नाही तरी दुसऱ्याला दिसते. प्रत्येक विधानाला आधार काय, हे विचारले जाते. 'माझ्या एका रुग्णाला गुण आला' हा आधार नव्हे. लेख कधी लिहिला आणि पुन्हा कधी तपासला, याची तारीख असते.

अर्धा चमचा मीठ

यात साधे मुद्रितशोधनही येते बरं का. शिऱ्याच्या कृतीत साखर चुकून दुप्पट छापली, तर फार तर शिरा गोड होईल. पण जुलाबाने मलूल झालेल्या मुलाला द्यायच्या पाण्याचे काय?

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे, कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले, तेही रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून. जिथे शेकडा तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

या पाण्याची घरगुती कृती अशी: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आता कल्पना करा, 'सपाट' हा शब्द गळला किंवा मीठ-साखरेचे आकडे उलटसुलट झाले तर? मीठ जास्त झालेले पाणी तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जबाबदार संपादक असा आकडा मूळ आधाराशी दोनदा ताडून पाहतात. आपणही कोणाला सांगताना आठवणीवर सांगू नये. दुकानात ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच उत्तम. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवायची.

पुडी घेतानाही नाव नीट वाचा. ओआरएस अशी अक्षरे नावात मिरवणारी, पण ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेली गोड पेये बाजारात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली.

पैसा कोणाचा?

चूक नकळत होते, तशी पैशापायीही होते. १९९८ साली लंडनच्या 'द लॅन्सेट' या जुन्या, मानाच्या वैद्यकीय साप्ताहिकात अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांचा लेख आला. गोवर, गालगुंड व रुबेलाच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी असावा, असे त्यातून सूचित होत होते. लेख होता अवघ्या १२ मुलांवर! वर्तमानपत्रांनी तो उचलला. घाबरलेल्या आईबापांनी मुलांना लस देणे थांबवले आणि ब्रिटनमध्ये गोवराने पुन्हा डोके वर काढले.

पुढे ब्रायन डिअर या पत्रकाराने छडा लावला. लस कंपन्यांवर दावे लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते आणि ते त्यांनी लपवले होते. मुलांच्या माहितीतही फेरफार निघाले. २०१० साली 'लॅन्सेट'ने लेख पूर्ण मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. म्हणजे चाळणी असूनही खडा गेला, आणि तो काढायला बारा वर्षे लागली. तरी मागे घेतल्याचे जाहीर केले, म्हणूनच आज आपल्याला ते कळते. चूक झाली तर ती कबूल करून छापणे, हाही प्रामाणिकपणाचा भाग आहे.

आपल्याकडे जाहिरातींसाठी कायदे आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा 'हमखास बरा' करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिराती तुम्हाला आठवतात ना? गुटगुटीत बाळ आणि हसरी आई? १९९२ चा कायदा आणि २००३ सालची त्याची दुरुस्ती यांमुळे दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा खाद्याच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना मनाई आहे. पण जाहिरात लेखाचा वेष घेऊन आली तर कायद्याच्या आधी आपल्यालाच ती ओळखावी लागते. लेखभर एकाच कंपनीच्या गोळीचे गुणगान असेल, तर समजावे!

आपल्या घरची चाळणी

आता मोबाइलवर दर सकाळी 'आरोग्याचा खजिना' येऊन पडतो. तिथे संपादक नसतो, तपासणारा डॉक्टर नसतो. चाळणी आपणच धरायची. काहीही करून बघण्याआधी हे सहा प्रश्न विचारा:

१. लिहिणारा कोण, आणि तो याच विषयातला आहे का?

२. दुसऱ्या कोणी जाणकाराने तपासले आहे का?

३. आधार काय? एकाचा अनुभव, की पुष्कळांवरचा अभ्यास?

४. तारीख कोणती?

५. यातून कोणाचा माल खपणार आहे?

६. 'चालू गोळ्या बंद करा', 'डॉक्टरची गरज नाही' असे म्हटले आहे का? तसे असेल तर पुढे वाचूच नका, आणि पुढे पाठवू तर मुळीच नका.

एवढे करूनही शंका उरली, तर कात्रण घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा. त्यात लाज कसली? मी गेलेच होते की.

बाळाचे म्हणाल, तर पहिले वर्षभर त्याला झोपवताना उताणेच निजवावे, टणक सपाट गादीवर. तोंडाजवळ मऊ उशा, जाड दुलया नकोत. जागे असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पालथे खेळवायला हरकत नाही. त्याने मानेला बळ येते.

माझी वही अजून आहे. ते १९८८ चे पान फाडावे असे एकदा मनात आले होते. लेक म्हणाली, "फाडू नकोस गं, राहू दे." मग मी त्यावर लाल पेनाने काट मारली आणि शेजारी नवा सल्ला लिहिला, डॉक्टरांना विचारून. खाली तारीख घातली. आता प्रत्येक पानावर तारीख घालते, आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत वही काढून, औषधपाण्याची पाने पुन्हा एकदा चाळते.