खवल्यांचा व्यापार आणि कोकणातले खवले मांजर

गेंड्याचे शिंग आणि खवले मांजराचे खवले ही दोन्ही केराटिनची, म्हणजे माणसाच्या नखांतही आढळणाऱ्या प्रथिनाची बनलेली असतात आणि औषधी गुणांच्या समजापायी दोन्ही प्राणी मारले जातात. मात्र गेंडा दूर आसामात, तर खवले मांजर दादर-परळच्या चाकरमान्यांच्या कोकणातल्या घरामागील डोंगरातच राहते. दात नसलेला, लांब चिकट जिभेने मुंग्या व वाळवी टिपणारा हा निशाचर प्राणी संकटात अंगाची गुंडाळी करतो. श्वापदांपुढे हा उपाय बहुधा चालतो, परंतु शिकाऱ्याला तो प्राणी नुसता उचलून पोत्यात भरता येतो, आणि मादीला एका वेळी सहसा एकच पिल्लू होत असल्याने तूट लवकर भरून निघत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, त्याचे नाव आहे; वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ करारानेही २०१७ पासून खवल्यांच्या व्यापारावर बंदी घातली. तथापि खवले मांजराचा निवारा असलेले कोकणातले बरेचसे रान खाजगी मालकीचे (आणि मालक पुष्कळदा मुंबईत) असल्यामुळे तेथील लाकूडतोड रोखणे कायद्याला अवघड जाते. म्हणूनच चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन चालवलेले संवर्धनाचे काम अधिक मोलाचे ठरते.