दोन डोळ्यांमधला बांध

मुळशी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणीचं पथक येतं तेव्हा ओसरीच्या भिंतीवर उलटसुलट 'ई'चा तक्ता लागतो. सहा मीटरवर खडूची रेघ. पहिलीतली मुलगी रेघेवर उभी राहते. डावा डोळा झाकला, की बोटांनी पटापट दिशा दाखवते. उजवा झाकला, की मान वळवते, बाईंचा हात बाजूला सारते.

जाणकाराला एवढ्यावरच शंका येते. घरी मात्र कुणाच्या लक्षात आलेलं नसतं: डोळे स्वच्छ, नजर सरळ. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त, इतकंच. पण चष्मा लावला तरी त्या डोळ्याला लगेच नीट दिसत नाही. आळशी डोळा म्हणतात त्याला. त्या बिचाऱ्या डोळ्याचा आळस कसला? अडचण मेंदूत आहे.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. जन्मानंतर दोन-तीन महिने एक डोळा शिवून ठेवला. उघडल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्याच डोळ्याचं ऐकत होत्या. मोठ्या मांजरात असं घडलं नाही. पुढे त्यांनी दोन्ही डोळे बंद ठेवून पाहिले, तर बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देत राहिल्या! नुसत्या न वापरण्यानं डोळा जागा गमावत असता, तर दोघांचीही गेली असती.

भातखाचरांच्या मुलखात हे समजायला सोपं आहे. शेजारी कसत नसला, की दुसरा दरवर्षी थोडाथोडा बांध कोरतो. दोघांचीही जमीन पडीक असेल तर बांध जागच्या जागी. दोन्ही डोळ्यांकडून येणारे तंतू दृष्टिकेंद्राच्या चौथ्या थरात शेजारी-शेजारी पट्ट्यांत वसतात. माकडात एक पट्टा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ज्या तंतूंचे संदेश स्पष्ट आणि एका वेळी येतात त्यांच्या जोडण्या घट्ट होतात, अंधूक संदेशांचे तंतू मागे हटतात. ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ चं नोबेल मिळालं.

म्हणूनच चष्म्यानं भागलं नाही तर पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधतात. आयांना ते उलटंच वाटतं, आणि त्यांना नीट समजावणं हे अर्धं औषध आहे. मध्यम दोषाला रोज दोन तास सहा तासांइतकेच पुरतात, असं अमेरिकेतल्या २००३ च्या चाचणीत दिसलं. सातव्या वर्षाआधी गुण जास्त येतो, म्हणून अंगणवाडीतली तपासणी शाळेतल्यापेक्षाही मोलाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला; त्यात पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं असतं.

त्या दोन तासांत जवळचं, बारीक काम हवं. चित्र रंगवणं, मणी ओवणं. किंवा सूप पुढ्यात घेऊन, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून, आजीशेजारी तांदळातले खडे वेचणं.