गेमिंग कन्सोलची निवड : यंत्रापेक्षा खेळ महत्त्वाचे

धुलाई यंत्र कोणत्याही कंपनीचे घेतले, तरी त्यात घरातले सगळे कपडे धुता येतात. गेमिंग कन्सोलचे तसे नाही. सोनीच्या प्लेस्टेशनसाठी घेतलेली तबकडी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये चालत नाही आणि निन्टेन्डोचे खेळ या दोहोंवर चालत नाहीत. एका कंपनीचे यंत्र घरात आले, की पुढील पाच-सात वर्षे खेळांची खरेदी त्याच कंपनीच्या व्यवस्थेत करावी लागते. म्हणूनच दुकानात यंत्रांच्या ताकदीची तुलना करण्याआधी ग्राहकाने काही मूलभूत गोष्टी समजून घेणे आवश्यक ठरते.

ताकदीची शर्यत

सर्वांत शक्तिशाली कन्सोल तोच सर्वोत्तम, असा सर्वसाधारण समज असतो. तो किती फसवा आहे, हे २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या तिरंगी स्पर्धेने दाखवून दिले. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणला. त्याच्या दोन आवृत्त्यांची किंमत २९९ आणि ३९९ डॉलर होती. वर्षभराने आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३ साठी ४९९ आणि ५९९ डॉलर मोजावे लागत. त्यात 'सेल' हा नवा प्रोसेसर आणि ब्लू-रे ड्राइव्ह होता. त्याच महिन्यात निन्टेन्डोने सुमारे २५० डॉलरना 'वी' हा कन्सोल बाजारात उतरविला. उच्च दर्जाचे म्हणजे एचडी चित्र दाखविण्याची क्षमताही त्यात नव्हती. होता तो हातात धरून हलवायचा रिमोट आणि अमेरिकेत यंत्रासोबतच मिळणारा 'वी स्पोर्ट्स' हा खेळ.

शेवटी विक्रीत पुढे राहिला तो 'वी'च. त्याचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. उरलेले दोघे साडेआठ कोटींच्या आसपास राहिले. यापूर्वी कधी खेळाचे बटण न दाबलेल्या आजी-आजोबांनाही तो रिमोट हाताळता आला, हे या यशाचे मोठे कारण होते. मात्र त्याच कंपनीचा २०१२ मधील 'वी यू' दीड कोटींचा टप्पाही गाठू शकला नाही. नाव आणि कंपनी यांवर विसंबून राहणे किती धोक्याचे असते, हे त्यावरून दिसते.

भारतातील चित्र आणखी वेगळे होते. प्लेस्टेशन ३ येथे एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला, तेव्हा बहुतेक घरांत पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते. एचडी चित्राचा लाभ त्यांवर मिळणे शक्यच नव्हते. २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे भारतीय बनावटीचे खेळ आले, ते २००० साली प्रथम विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन २ साठी. येथील ग्राहक कोणत्या यंत्रापाशी आहे, याचा अंदाज त्यातून येतो.

किमतीमागचे गणित

कन्सोल बनविणाऱ्या कंपन्या अनेकदा यंत्रावर नफा कमावत नाहीत. एक्सबॉक्सची यंत्रे कधीच नफ्यात विकली गेली नाहीत, असे मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात साक्ष देताना सांगितले होते. कमाई होते ती प्रत्येक खेळाच्या विक्रीतील वाट्यातून आणि वर्गणीतून. स्वस्त प्रिंटर आणि महाग शाई यांच्यातील नाते येथेही लागू पडते.

वर्गणीचा भार तर वाढतच गेला आहे. प्लेस्टेशन ३ वर इंटरनेटद्वारे इतरांशी खेळणे विनामूल्य होते; २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून बहुतेक विकतच्या खेळांसाठी त्याला पैसे पडू लागले. निन्टेन्डोनेही सप्टेंबर २०१८ मध्ये अशी वर्गणी सुरू केली. त्यामुळे यंत्राची किंमत, दरवर्षी घेतले जाणारे चार-पाच खेळ, दुसरा कंट्रोलर आणि वर्गणी यांची तीन वर्षांची बेरीज करूनच तुलना करावी. आरंभी स्वस्त वाटणारा कन्सोल या बेरजेत महाग ठरू शकतो.

तबकडी की डाउनलोड?

सध्याच्या पिढीत हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आणि एक्सबॉक्स सिरीज एस ही यंत्रे तबकडीच्या ड्राइव्हविना येतात. ती स्वस्त असतात. पण जुनी तबकडी विकणे, मित्राकडून आणणे किंवा वापरलेली घेणे हे मार्ग त्यामुळे बंद होतात. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या काही कार्डांत तर खेळ नसतोच, केवळ त्याची किल्ली असते. खेळ इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावा लागतो.

डाउनलोड केलेल्या खेळाची मालकी ग्राहकाकडे येत नाही, त्याला केवळ वापराचा परवाना मिळतो. विक्रेत्याने ही बाब स्पष्टपणे सांगावी, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून लागू झाला. ऑनलाइन दुकानेही कायमची नसतात. 'वी'चे दुकान जानेवारी २०१९ मध्ये, 'वी यू'चे मार्च २०२३ मध्ये आणि एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये खरेदीसाठी बंद झाले. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरविण्याची सोय सहसा काही काळ राहते. ती किती काळ, हे कंपनीच ठरविते. याउलट, कपाटातील जुनी तबकडी यंत्र चालू आहे तोवर चालते.

परदेशातून आणताना

अमेरिकेतील नातेवाइकांकडून कन्सोल मागविण्याची प्रथा जुनी आहे. त्या काळी 'वी'ला तेथील तबकड्याच लागत आणि त्याचा अमेरिकी अडॅप्टर आपल्या २३० व्होल्ट विजेसाठी नव्हता. प्लेस्टेशन ५ किंवा स्विच यांच्या खेळांवर असे प्रादेशिक बंधन नाही. तरीही हमी भारतात लागू होईल का, याची खात्री आधीच करून घ्यावी.

निवडीचा क्रम

प्रथम खेळणारा कोण, हे ठरवावे. घरातील लहान मुले आणि मोठी माणसे एकत्र बसणार असतील, तर निन्टेन्डोचा विचार व्हावा. मारिओ आणि झेल्डा हे त्याचे मोठे खेळ इतर कन्सोलवर येत नाहीत. फुटबॉल किंवा 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखे खेळ प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोहोंवर मिळतात. मायक्रोसॉफ्टचा 'फोर्झा होरायझन ५' तर एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवरही आला. तेथे मित्रमंडळींकडे कोणते यंत्र आहे, ही गोष्ट अधिक मोलाची ठरते. खेळांची देवाणघेवाण त्यांच्याशीच होणार असते.

त्यानंतर हवे असलेल्या पाच खेळांची यादी करावी. ते कोणत्या यंत्रावर चालतात आणि त्यांची तबकडी मिळते का, हे पाहावे. घरातील टीव्हीची क्षमता आणि इंटरनेटचा वेग तपासावा. प्रोसेसरच्या आकड्यांची पाळी सर्वांत शेवटी येते.